बंद म्हणजे जोडलेलं

फलटणहून आमच्या वस्तीकडे जाताना एक ओढा लागायचा. ओढ्याच्या उताराला वडील रेस सोडायचे आणि स्कूटरचा पुढचा दिवा निरांजनाएवढा व्हायचा. जिथं रस्ता दिसायला हवा नेमका तिथंच अंधार. मग वडील क्लच दाबून उगाचच रेस द्यायचे, दिवा भक्कन उजळायचा, खड्डा दिसायचा, पण तोवर आम्ही खड्ड्यात असायचो. मागून आई म्हणायची, "अहो, दिवा जरा मोठा करा की." वडील म्हणायचे, "दिवा मोठा करायचा तर गाडी पळवायला लागेल. चालेल?" आई गप्प. मी पुढे, हँडल आणि सीटच्या मधल्या जागेत उभा. दिव्याचा हा खेळ सगळ्यात जवळून मलाच दिसायचा. हॉर्नचंही तसंच. गाडी हळू असली की घसा बसल्यासारखा घरघरायचा, पळायला लागली की खणखणीत.

बजाजची दीडशे सीसीची स्कूटर होती ती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो जमाना. वडिलांनी दुसऱ्याची वापरलेली घेतली आणि तरी गावात पेढे वाटले. दिव्याला काहीतरी आजार आहे असंच मला बरेच दिवस वाटायचं. आजार वगैरे काही नव्हता. तिला बॅटरीच नव्हती.

हे मला कळलं नववीच्या सुट्टीत, स्टँडच्या मागच्या बापूमिस्त्रींच्या गॅरेजमध्ये. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाकडं, रॉकेलची एक परात आणि तिच्यात बुडालेले नटबोल्ट. घरी बसून नसते उद्योग करण्यापेक्षा तिथं बस, म्हणून मला पाठवलेलं. पहिले आठ दिवस मी फक्त परातीतले नट पुसले. नवव्या दिवशी एक गाडी किक मारून मारून दमलेल्या माणसानं ढकलत आणली. बापूंनी प्लग खोलला, परत कॅपमध्ये खोचला, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या हेडवर टेकवलं आणि मला म्हणाले, "मार किक." मी मारली. प्लगच्या टोकाशी टिक् करून एक निळी रेघ उमटली. "करंट हाय. कार्बोरेटर बघाय पायजे."

मला ती निळी रेघ पुन्हा बघायची होती. बापूंनी ते ओळखलं. "बघायचाय करंट? धर ही वायर. आता मी मारतो."

त्यांनी किक मारली आणि माझा हात खांद्यापासून कुणीतरी उपटून परत लावल्यासारखा झाला. मी बाकड्यावरून खाली. बापू हसले नाहीत, हे विशेष. रॉकेलचे हात पुसत म्हणाले, "कुठनं आला सांग करंट? बॅटरी दिसतीय का कुठं?"

नव्हती. तोच तर प्रश्न होता. माझ्या हाताला बसलेला तो झटका गाडीत आधी कुठंही नव्हता. बापूंच्या पायात होता असंच म्हणायला लागेल.

हा झटका ज्यातून आला त्याला गॅरेजच्या भाषेत नुसतं 'मॅग्नेट' म्हणतात. पुस्तकात फ्लायव्हील मॅग्नेटो. आमच्या स्कूटरच्या उजव्या बाजूला, पत्र्याच्या कव्हराखाली, परातीएवढं एक जड चाक इंजिनाच्या क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, बसवलेलं असे. बाहेरून त्याला पंख्याची पाती, कारण इंजिनावर वारा मारायचं कामही त्याच्याकडेच. आतल्या कडेला लोहचुंबक. चाक फिरतं, चुंबक फिरतात. आणि चाकाच्या पोटात एका प्लेटवर तांब्याच्या तारेच्या कॉइली स्थिर बसलेल्या असतात. एक दिव्याची, एक करंटची. चुंबक कॉइलीवरून सरकला की तारेत वीज तयार होते. फॅरडेनं १८३१ साली दाखवलेली एवढीच गोष्ट. चाक जोरात फिरलं तर वीज जास्त, हळू फिरलं तर कमी. ओढ्याच्या उतारावरचा आमचा अंधार हा फॅरडेच्या नियमानुसार होता.

पण दिवा लावणं आणि ठिणगी पाडणं यांत फार फरक आहे. दिव्याला सहा व्होल्ट पुरतात. प्लगच्या दोन टोकांमधली फट अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची असली तरी सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवा-पेट्रोलमधून तिच्यावर उडी मारायला हजारो व्होल्ट लागतात, दहा हजार, कधी त्याहून जास्त. पायानं मारलेल्या एका किकमधून ते यायचे कुठून?

बापूंना व्होल्ट-बिल्ट सांगता यायचं नाही. त्यांनी मला आमच्याच शेतातली पाइपलाइन आठवायला लावली. विहिरीवरून वरच्या तुकड्यापर्यंत पाणी चढवायची आमची लाइन होती. पाणी जोरात चालू असताना वरचा वॉल कुणी एकदम बंद केला की पाइपात धाडकन ठोका बसायचा आणि कुठला तरी जोड उखडायचा. वडिलांनी आम्हा पोरांना वॉल हळू फिरवायची सक्त ताकीद दिली होती. मोटारीचा दाब तेवढाच, पाणी तेवढंच, पण धावतं पाणी अचानक अडवलं की ते असा दणका देतं, जो मोटार स्वतः कधीच देऊ शकणार नाही.

मॅग्नेटोत मुद्दाम हाच दणका घडवून आणलेला असतो. करंटच्या कॉइलीची वाट दोन छोट्या धातूच्या टिकल्यांमधून जाते. गॅरेजमध्ये त्यांना सीबी पॉइंट म्हणतात. टिकल्या एकमेकींना टेकलेल्या असतात तोवर कॉइलीतला करंट आपल्याच घरात गोल गोल फिरत राहतो. तो ऐन भरात आला की क्रँकवरचा उंचवटा एका टिकलीला हलकेच ढकलतो. फट पडते, वाट तुटते. धावत्या करंटचा तो दणका एचटी, म्हणजे जास्त दाबाच्या, कॉइलीत जाऊन बसतो. तिच्यात जाड तारेचे थोडे फेरे आणि केसासारख्या तारेचे हजारो फेरे एकाच लोखंडावर गुंडाळलेले असतात. थोड्या फेऱ्यांतला दणका हजारो फेऱ्यांत गेला की त्याचे हजारो व्होल्ट होतात. तिथून जाड काळी वायर, कॅप, प्लग, टिक्.

म्हणजे वाट जोडली तेव्हा नव्हे, तोडली तेव्हा ठिणगी पडते. हे मला त्या वयातही फार चमत्कारिक वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

आता वाट तुटताना करंट सुखासुखी थांबत नाही. टिकल्यांमध्ये केसाएवढी फट पडली की तो तिथूनच उडी मारायला बघतो. तसं झालं तर दणका तिथंच वाया जातो, वर टिकल्या जळून काळ्या पडतात. म्हणून पॉइंटच्या बाजूला एक अंगठ्याच्या पेराएवढी डबी लावलेली असते, कंडेन्सर. त्या क्षणापुरता करंटला शिरायला एक आडोसा. तेवढ्या वेळात टिकल्या पुरेशा लांब गेलेल्या असतात. कंडेन्सर मेला की गाडी फटफट करते, पॉइंटमध्ये आतिषबाजी दिसते आणि प्लगला करंट पिवळा पडतो. "निळा असला तर जिता, पिवळा असला तर मेल्यात जमा," हे बापूंचं निदान. कंडेन्सरला ते 'डबडं' म्हणायचे, पण नवीन गाडी हातात आली की आधी त्याच्याकडे बघायचे.

मॅग्नेटच्या चाकाला खिडक्या असतात. त्या खिडकीतून टॉर्च मारून बघितलं की पॉइंट दिसतात. फट किती ठेवायची याचं माप मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या आसपास. त्यासाठी फिलर गेज नावाचं पात्यांचं हत्यार मिळतं. बापूंकडे ते होतं, गंजलेलं. ते वापरायचे लग्नपत्रिका. खिळ्याला पत्रिकांचा एक गठ्ठाच टांगलेला असायचा. जाड पुठ्ठ्याची, वरती उठावदार गणपती असलेली पत्रिका कामाची नाही. साधी, एकेरी कार्डाची हवी. तिचा तुकडा पॉइंटमध्ये सरकवायचा, किंचित अडखळत सरकला की माप बरोबर. तालुक्यातल्या किती तरी गाड्या कुणाकुणाच्या लग्नाच्या मापानं चालत होत्या.

आणि टायमिंगसाठी पतंगाच्या कागदाची पट्टी. ती पॉइंटमध्ये अडकवायची, एका हातानं हलकं ताणून धरायचं आणि दुसऱ्या हातानं चाक अगदी सावकाश फिरवायचं. ज्या क्षणी पट्टी सुटून हातात येते तो पॉइंट उघडायचा क्षण, म्हणजे ठिणगीचा क्षण. तो पिस्टन वर पोचायच्या थोडा आधी यायला हवा. पेट्रोल काही एका क्षणात जळत नाही, त्याला पेटायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर यायच्या आधीच काडी ओढायची. चाकाच्या फेऱ्यातले साधारण वीस-बावीस अंश आधी. मी नंतर कॉलेजात हिशोब केला होता: मिनिटाला ५००० फेरे असतील तर एक फेरा १२ मिलिसेकंदांचा, आणि बावीस अंश म्हणजे पाऊण मिलिसेकंदसुद्धा नाही. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी. एवढा सगळा कारभार पतंगाच्या कागदावर आणि बापूंच्या दोन बोटांवर.

सुट्टी संपता संपता मला वाटायला लागलं की आता आपल्याला सगळं येतं. हे वाटणं किती घातक असतं ते मला दिवाळीत कळलं. वडील परगावी गेलेले. मी स्कूटरचं कव्हर काढलं, मॅग्नेटचा नट सोडवून चाक उतरवलं, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, पत्रिकेनं माप घेतलं, सगळं परत बसवलं. पहिल्या किकला गाडी सुरू. मी अंगणातच तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला सायलेन्सरमधून बंदुकीसारखा आवाज आला आणि गाडी बंद. पुन्हा किक मारली तर तिनं उलटी लाथ घातली. नडगीवरचा व्रण अजून आहे.

बापूंनी चाक उतरवलं आणि क्रँकच्या खाचेतून एक लहानसा लोखंडी तुकडा चिमटीत धरून मला दाखवला. करंगळीच्या नखाएवढा, चंद्रकोरीच्या आकाराचा. हाफमून की. तिचे दोन तुकडे झालेले.

"नट आवळला हुता?"

"हो."

"किती?"

मी पान्याची खूण करून दाखवली. त्यांनी नुसतीच मान हलवली. मग जे सांगितलं ते पुढे इंजिनीअरिंगला कुठल्याही सरांनी इतकं स्वच्छ सांगितलं नाही. ती चावी चाकाला धरून ठेवत नाही. चाक धरलं जातं ते क्रँकच्या निमुळत्या टोकावर, नट आवळल्यामुळे, पाचर बसावी तसं. चावी फक्त जागा दाखवते: चाक इथं बस, असं. नट सैल राहिला की चाक घसरायला बघतं, सगळा जोर त्या चिमुकल्या चावीवर येतो, ती कापली जाते आणि चाक आपली जागा सोडून थोडं पुढं-मागं होतं. थोडंच, पण तेवढ्यानं ठिणगी भलत्या वेळी पडते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला की तो उलटा फिरतो, आणि किक नडगीवर येते. नवी चावी तेव्हा आठ आण्याला मिळाली. बापूंनी मजुरी घेतली नाही. वडिलांना सांगितलंही नाही.

त्या स्कूटरच्या हँडलवर, दिव्याच्या स्विचला लागून, एक काळं बटण होतं. ते दाबलं की इंजिन बंद. मी समजत होतो की ते दाबल्यावर कुठली तरी तार तुटते. घरातला दिवा बंद होतो तसं. एकदा गाडी एकाएकी बंद पडली, करंट अजिबात नाही. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट सगळं ठीक. बापूंनी हँडलकडून येणारी एक बारीक वायर इंजिनापाशी सोडवून मोकळी केली, किक मारली, गाडी चालू. वायर हँडलच्या आत कुठं तरी सोलली जाऊन पत्र्याला टेकली होती.

बटण दाबलं की तार तुटत नाही, जोडली जाते. करंटची कॉइल सरळ गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला, टेकवली जाते. मग पॉइंट उघडोत नाहीतर मिटोत, करंटला आपल्याच घरात गोल फिरायला दुसरी वाट कायमची मोकळी. वाट तुटतच नाही, म्हणून दणका नाही, म्हणून ठिणगी नाही. बॅटरीच्या गाडीत चावी काढली, तार तुटली, की सगळं मेलं. मॅग्नेटोत तार तुटली तर उलट: ते आता बंदच करता येत नाही. चाक फिरतंय तोवर ते ठिणगी टाकणार. त्याला थांबवायचं तर कुणीतरी बटणावर बोट ठेवून बसायला हवं, म्हणजे एक वायर शाबूत असायला हवी. बंद करायच्या बटणाचा असा उलटा स्वभाव मी पुढे पाहिला तो फार वेगळ्या जागी. त्याकडे येतो.

मधे जर्मनीतल्या स्टुटगार्टला एक चक्कर मारायला हवी, कारण या यंत्राची एक खूण तुम्ही सगळ्यांनी शंभर वेळा पाहिली आहे. हार्डवेअरच्या दुकानात, ड्रिल मशीनवर, प्लगच्या खोक्यावर बॉशचं चिन्ह असतं: वर्तुळात इंग्रजी एचसारखी एक आकृती. तो एच नाही. जुन्या मॅग्नेटोत चुंबक स्थिर असायचे आणि त्यांच्या मधे तार गुंडाळलेला लोखंडी गाभा फिरायचा. तो गाभा आडवा कापला की त्याचा जो छेद दिसतो, ती ती आकृती. रॉबर्ट बॉशनं १८८६ साली स्टुटगार्टमध्ये दुकान थाटलं आणि पुढच्याच वर्षी एका जागी बसवायच्या इंजिनासाठी पहिला मॅग्नेटो बनवला. ती इंजिनं सावकाश फिरणारी. १८९७ साली फ्रेडरिक सिम्स या ब्रिटिश उद्योजकाची, द दियॉं-बूतॉं या फ्रेंच कंपनीची तीनचाकी गाडी त्याच्याकडे आली, तेव्हा प्रश्न पडला: एवढा जड गाभा एवढ्या वेगानं हलवायचा कसा? त्याच्या वर्कशॉपचा फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगर यानं तोड काढली. जड गाभा हलवूच नका, तो तसाच ठेवा आणि त्याच्याभोवती एक हलकी लोखंडी बाही हलवा. मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा असे तोडगे मला जास्त आवडतात. हा बापूंच्या जातीचा माणूस.

तरीही तेव्हाची ठिणगी आजच्यासारखी नव्हती. कमी दाबाची वीज. सिलिंडरच्या आतच दोन टोकं यांत्रिक दांड्यांनी एकमेकांपासून ओढून दूर करायची, दूर होताना ठिणगी. १७ डिसेंबर १९०३ ला राईट बंधूंचं विमान उडालं ते याच पद्धतीच्या मॅग्नेटोवर. सुरू करायला त्यांनी कोरड्या बॅटऱ्या वापरल्या, पण त्या जमिनीवरच राहिल्या. उडणाऱ्या यंत्रात ग्रामाग्रामाचा हिशोब, आणि मॅग्नेटोला बॅटरी लागतेच कुठं? जास्त दाबाचा, प्लगसह चालणारा मॅग्नेटो बॉशच्या गॉटलोब होनोल्डनं १९०२ मध्येच तयार केला होता. वर्तुळातलं ते चिन्हही त्याचंच, १९१८ चं.

पुढं हे प्रकरण युद्धापर्यंत गेलं. १९१४ मध्ये ब्रिटन जर्मनीशी लढायला उभा राहिला तेव्हा त्याच्या मोटारी आणि विमानं ज्या मॅग्नेटोवर चालत होती ते बहुतेक जर्मनीतूनच येत असत. शत्रूच्या गावात बनलेल्या ठिणगीवर शत्रूशी लढायचं! ब्रिटिशांना ते बनवायचं शिकताना घाम फुटला. तिकडे फोर्डच्या मॉडेल टीमध्ये मॅग्नेटो फ्लायव्हीलमध्येच शिरला: सोळा चुंबक चाकावर आणि समोर सोळा कॉइली. आमच्या स्कूटरच्या परातीचा तो दूरचा आजोबाच.

आता ती वेगळी जागा. माझी भाची विमान चालवायला शिकायला बारामतीला होती. फलटणहून बारामती तासाभराच्या आतलं अंतर, म्हणून अधूनमधून डबा पोचवायचं काम माझ्याकडे. एका संध्याकाळी विमानतळाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना तिनं सहज सांगितलं, "आज उडालेच नाही मामा. मॅग चेकला गडबड निघाली."

मी कप खाली ठेवला.

त्या लहान सेस्ना विमानांच्या इंजिनात, आजही, मॅग्नेटो असतात. दोन. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एका मॅग्नेटोकडून एक, दुसऱ्याकडून एक. विमानातली बॅटरी मेली, अल्टरनेटर जळाला, पुढचे सगळे दिवे आणि स्क्रीन काळे झाले तरी इंजिनाला त्याचा पत्ता लागत नाही. ते आपल्या ठिणग्या स्वतःच करत राहतं. एक मॅग्नेटो मेला तर दुसरा. आकाशात बापूमिस्त्री नसतो, त्याची ही सोय.

उडायच्या आधी धावपट्टीच्या तोंडाशी थांबून इंजिन वाढवायचं. तिच्या विमानात मिनिटाला १८०० फेऱ्यांपर्यंत. मग चावी 'बोथ'वरून 'आर'वर, म्हणजे फक्त उजव्या मॅग्नेटोवर, परत 'बोथ', मग 'एल', फक्त डावा. एक मॅग्नेटो बंद केला की फेरे थोडे उतरायला हवेत, कारण आता आग सिलिंडरच्या एकाच बाजूनं लागते, पसरायला जास्त वेळ घेते. दीडशेपेक्षा जास्त उतरता कामा नये आणि दोघांच्या उतरण्यात पन्नासपेक्षा जास्त फरक नको.

"आणि उतरलेच नाहीत तर?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तेच तर झालं आज. तुला काय वाटतं, का?"

परीक्षेत प्रश्न पडावा तसं झालं, पण उत्तर पाठ होतं. "बंद करायची वायर तुटली असणार. चावी फिरवली तरी तो मॅग्नेटो बंद झालाच नाही."

भाचीनं मला प्रथमच जरा आदरानं पाहिलं. त्यांच्या भाषेत याला हॉट मॅग म्हणतात. फेरे जास्त उतरले तर एखादा प्लग खराब असेल, तेव्हाही उडायचं नाही. आणि अजिबात उतरले नाहीत तर विमान परत नेऊन उभंच करायचं. कारण विमानातून उतरल्यावर चावी 'ऑफ' करून, खिशात टाकून निघून गेलं तरी ते इंजिन जिवंत असतं. कुणी सहज म्हणून प्रोपेलर हातानं फिरवला, सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असलं, तर इंजिन पेटून तो स्वतःच गरकन फिरतो. हात, डोकं, जे समोर असेल ते. म्हणून विमानाजवळ वावरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात: प्रोपेलर नेहमी चालू आहे असंच धरून चालायचं, चावी कुठंही असो.

पुढे तिनं एक गोष्ट सांगितली ती बापूंना ऐकवायला हवी होती. मॅग्नेटोचं दुखणं असं की हळू फिरवला तर ठिणगी दुबळी. स्कूटरला त्यासाठी सणसणीत किक. पण स्टार्टर विमानाचं इंजिन सुरुवातीला फार सावकाश फिरवतो. म्हणून मॅग्नेटोच्या दांड्यावर स्प्रिंगचा एक जोड बसवतात. इंजिन सावकाश फिरत असताना तो मॅग्नेटोला अडवून धरतो, स्प्रिंग ताणली जाते, आणि ऐन वेळी कट् करून सोडून देतो. चुंबक झटक्यात फिरतो, ठिणगी जोरदार पडते, आणि थोडी उशिरा पडते, जी सुरू करताना उशिराच हवी, नाहीतर उलटी लाथ. इंजिननं वेग घेतला की जोड आपोआप गप्प. प्रोपेलर सावकाश फिरताना हँगरमध्ये तो कट् कट् आवाज ऐकू येतो म्हणाली. किक मारणारा पायच त्यांनी आत बसवलाय.

दुचाकीत पॉइंट आता उरले नाहीत. ऐंशीच्या दशकापासून सीडीआय, म्हणजे टिकल्यांशिवाय ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी, आली, टिकल्या गेल्या, पत्रिका गेल्या. त्याबद्दल मला फार हळहळ नाही. पावसात रस्त्याकडेला पॉइंट पुसत बसण्यात कसलंही काव्य नव्हतं. पण माझ्या आताच्या स्कूटरची बॅटरी लॉकडाऊनमध्ये उभ्या उभ्या मेली आणि तिला किकच नाही म्हटल्यावर मी तिच्याकडे बघत राहिलो. पेट्रोल होतं, इंजिन धडधाकट होतं, पाय होता. त्या आठवड्यात कोकणात मेहुण्याच्या काजूच्या बागेत ग्रास कटर मात्र दोरी ओढली की सुरू होत होता. त्याच्या चाकात एक चुंबक, बाहेर एक छोटा मोड्यूल, दोघांमधली फट व्हिजिटिंग कार्डानं मोजायची. मेहुणा फोनवर म्हणाला, "कार्ड कशाला लागतंय ते मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी बिलाची पावती घालतो." चालतंय म्हणाला.

वडील गेल्यावर जुनी स्कूटर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडून होती. परवाच्या मे महिन्यात भाची आली होती, तिच्या हट्टानं ती बाहेर काढली. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला, नवा प्लग. खिडकीतून टॉर्च मारली तर पॉइंट पांढुरके झालेले. घासले. घरात एकेरी कार्डाची पत्रिका सापडेना, हल्ली सगळ्या व्हॉट्सॲपवर. शेवटी तिच्या ट्रेनिंगच्या ओळखपत्राच्या पाकिटातला पुठ्ठा कापून घेतला. प्लग हेडवर टेकवला. तिनं किक मारली. दिवसाउजेडी नीट दिसेना, म्हणून अंगावरचा टॉवेल डोक्यावर घेऊन वाकलो. निळी.

सहाव्या किकला गाडी सुरू झाली. पांढऱ्या धुरानं अंगण भरलं, कुत्रं पळालं, आई खिडकीत येऊन म्हणाली, "अगं बाई, ही अजून हाय?" भाचीनं रेस दिली तसा पुढचा दिवा उजळला, सोडली, निरांजन. तिनं तीन-चारदा करून पाहिलं. मग मी हँडलवरचं काळं बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. इंजिन आपलं फटफटतच राहिलं. भाची धुरातूनच ओरडली, "मामा, हॉट मॅग!"

उंदरांनी कुरतडलेली वायर नंतर सापडली. त्या वेळी मात्र प्लगची कॅप ओढायला गेलेला माझा हात आपोआप अर्ध्यावर थांबला. चाळीस वर्षं झाली तरी खांद्याला आठवण होती. मी सीटखालचा पेट्रोलचा नळ बंद केला. पण कार्बोरेटरमध्ये उरलेलं संपेपर्यंत ती चालणारच होती. आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. संध्याकाळ झाली होती. इंजिन एकदा वाढलं, दिवा गोठ्याच्या भिंतीवर लख्ख पडला, मग फेरे उतरायला लागले, भिंत पिवळी, तांबूस, आणि आईनं आतून बल्ब लावला.